खारं पानी

काल मी भर मांडवात धवला थांबवला. अर्धा धवला तोडला तर नवरीच्या नशिबाला तडा जातो म्हणतात. हे मला कोणी शिकवायला नको, मी धवलारणीच्याच पोटची आहे. आमच्या आगरी लोकांत पूर्वी लग्नाला भटजी नसायचा. धवलारीण बाई गाऊन लग्न लावायची. तिच्या गाण्यात जे आलं ते करायचं, आणि जे गाण्यात आलं नाही ते झालंच नाही, असा नेम. त्या गाण्याला धवला म्हणतात. तो मी तोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन.

हे माझी नात लिहून घेतेय. ती नौपाड्यात शाळेला जाते, त्यामुळे मी ‘डोले’ म्हटलं की ती ‘डोळे’ लिहिते आणि माझ्याकडे बघून हसते. लिही बाई, तुझं शुद्ध लिही. पण माणसांचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं, असं तिला बजावलंय. माझ्या आयशीच्या तोंडात ‘ळ’ घातलास तर ती वरून खाली येऊन तुझा कान पिळेल.

लग्न माझ्या भावाच्या नातीचं होतं. माझं माहेर कळव्याच्या पुढं, खाडीच्या काठाला. सासरहून, कोपरहून, मी आदल्या दिवशीच जाऊन बसले होते. होडीतून उतरले आणि नाकात पहिला तोच वास शिरला. उन्हानं तापलेला चिखल, बांधावर वाळत घातलेली मासळी, आणि त्या सगळ्यावर मिठागराचा कोरडा वास, जिभेला टोचणारा. मिठाला वास नसतो असं शिकलेले लोक म्हणतात. त्यांनी चैत्रात आमच्या बांधावर यावं आणि मग बोलावं. बांधावर पूर्वी ताडांची रांग होती, वारा सुटला की झावळ्या खडखड वाजायच्या. आता एकच ताड उरलाय. त्याच्या बुंध्यावर सरकारनं कोरलेला आकडा अजून आहे. मला आकडे वाचता येत नाहीत, पण तो मी ओळखते. त्याच्यावर हात ठेवून उभी राहिले, तर भाचसून हाका मारायला लागली, “आत्ये, हलद लागतेय, चल!”

धवलारीण दिवा गावाहून आणलेली. गावात आता कोणी उरली नाही. बाईचा गळा चांगला होता, खोटं कशाला बोलू. तिनं पिठाच्या चौकापाशी बसून आवाज लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. ती गात गेली, मागं बसलेल्या आमच्या गावच्या बाया ओळ उचलत गेल्या, आणि मग देवाच्या घोटाची ओळ आली.

*पयला घोट गो धरतरीला,*
*ताडी ओता, ताडी ओता…*

आणि मागच्या बायांनी उचललं, “खारं पानी, खारं पानी.”

सगळा गोंधळ. ती ताडी म्हणतेय, या पाणी म्हणतायत. तिनं पुन्हा म्हटलं, यांनी पुन्हा तेच. त्यांच्या आया तसं गायच्या, म्हणून त्या तसं गातात, दुसरं काही त्यांच्या तोंडात बसतच नाही. धवलारणीनं कपाळाला हात लावला.

“तुमच्या गावच्या बायांना धवला येत नाय गो. देवाला खारं पानी कोन ओततं? देवाचं तोंड भाजायचंय काय?”

मांडवभर हसू फुटलं. माझे सख्खे भाचे हसले. हसू देत, लग्नात हसतातच. पण आमच्यातलीच एक बाई पदर सावरत म्हणाली, “आमच्यात पयल्यापासून चुकीचंच गातान.”

चुकीचं! माझं डोकं सणकलं. गुडघे धरून उठले आणि म्हटलं, “थांब गो.”

काय चुकीचं होतं आणि काय नव्हतं, ते आता सांगते.

मी लहान होते तेव्हा बांधावरचे ताड आमचे होते. आमचे म्हणजे बापसाचे, त्याच्या बापसाचे. सकाळी अजून दव असायचं तेव्हा बापूस कमरेला सुरी आणि मडकं बांधून झाडावर चढायचा. खालून त्याच्या टाचा दिसायच्या, मिठानं फुटलेल्या, पांढऱ्या. वरून सुरीचा बारीक आवाज यायचा, मग शीळ. खाली उतरला की पहिली धार तो मातीवर सांडायचा, मग माझ्या ओंजळीत थोडी द्यायचा. सकाळची ती गोड असायची, गार, वाळ्याच्या पाण्यासारखी. दुपारी तीच फसफसायची, आणि संध्याकाळी आमच्या अंगणात जी माणसं बसायची त्यांची जीभही फसफसायची. आयस म्हणायची, “सकालची देवाची, सांजची भुताची.”

पण कुठलंच काही तिच्याशिवाय होत नसे. पोर जन्मलं, पेरणी झाली, होडी पाण्यात लोटली, माणूस मेलं, तरी घोट आधी धरतरीला, मग वाडवडिलांना. ती दारू म्हणून नव्हे, घरातलं पहिलं पान वाढतात ना, तशी. आणि बापसाच्या अंगाला तोच वास. मीठ, घाम आणि आंबूस ताडी. मी त्याच्या कुशीत झोपायचे ते त्या वासात. आजही कुठून आला की मला झोप येते.

मग झाडांवर आकडे आले. ठाण्याहून माणसं आली, त्यांनी बुंध्यांवर आकडे कोरले आणि सांगितलं की झाड राणीचं. झाडाखालची माती तुमची, सावली तुमची, वर चढलात तर चोर. ताडी पाहिजे तर ठेकेदाराच्या दुकानातून घ्यायची. दुकान बांधाच्या टोकाशी बसलं, कुडाचं, पुढं बाक. आमच्याच झाडाची ताडी, त्यात खाडीएवढं पाणी, आणि भाव असा की बापूस नुसता ऐकूनच झिंगायचा. कितीतरी दिवस तो सकाळी उठून सवयीनं सुरीला धार लावायचा, मग ती पुन्हा भिंतीत खोचायचा. त्या दगडाचा घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मला तेव्हा फार राग यायचा, आणि कोणावर काढायचा ते कळायचं नाही.

शिमगा आला. आमच्याकडे शिमग्याला ताडी नाही म्हणजे होळीला लाकूड नाही. सगळे होळीपाशी जमले, आणि आयशीनं ओटीतून मीठ काढलं.

ते मीठही चोरीचंच, बरं का. मीठ आम्हीच पिकवायचो. कोंडीत पाणी घ्यायचं, उन्हात पाय भाजत फावड्यानं ओढायचं, राशी घालायच्या, आणि त्यातलं चिमूटभर घरी नेलं तर शिपाई ओटी झाडायचा. आयशीनं ते कसं आणलं ते तिलाच ठाऊक. तिनं तांब्यात खाडीचं पाणी घेतलं आणि म्हणाली, “झार आपलं, त चोरी आपली. मीठ आपलं, त चोरी आपली. मंग आता चोरीच्याच मिठाची आन घालू. हात लावू नुको त्यांच्या दुकानाला. दगर नाय मारायचा, शिवी नाय द्यायची. नुसतं जायचं नाय.”

कोणीतरी म्हणालं, “आन देवाला?”

“देव आपल्यावानीच हाय. त्याला कलंल.”

घराघरातल्या माणसानं पुढं येऊन तांब्यात मिठाचा खडा टाकला. “मोरंल तो ह्या मिठावानी इरघलंल,” म्हणजे मोडेल तो या मिठासारखा विरघळून जाईल. बापूस शेवटी आला. त्याचं पिणं गावाला माहीत, सगळे बघत होते. त्यानं खडा धरून ठेवला, धरूनच ठेवला. आयस म्हणाली, “टाक, नायतर तो तुज्या हातातच इरघलंल.” सगळे हसले आणि त्यानं टाकला.

त्यानंतरचे दिवस! बाई गं, बापूस म्हणजे नुसता निखारा. चिंच चघळायचा, चणे चघळायचा, काहीच नसलं तर पदराचा कोपरा चघळायचा, आयशीच्या. उन्हं उतरली की ताडाकडे तोंड करून बसायचा. आयस चिडवायची, “आता त्याला मंगलसूत्र घाल, म्हंजी झालं.” तो ओरडायचा, मग स्वतःच हसायचा. आणि त्याच्या अंगाचा वास बदलला. नुसतं मीठ आणि घाम. मला तो परका वाटायला लागला, आणि तरी मला त्याचा एवढा अभिमान वाटायचा की मी मुद्दाम दुकानावरून त्याचं बोट धरून चालायचे.

दुकानात माशा बसल्या. ठेकेदाराचा शिपाई बाकावर बसून पाय हलवायचा. आम्ही बायका डोक्यावर हंडे घेऊन रोज समोरून जायचो आणि हसून विचारायचो, “दादा, बरं हाय ना? जेवलंस का?” तो आधी हसायचा. मग नुसता बघायचा. मग तोंड फिरवायला लागला. एकदा आयस त्याला कालवणही देऊन आली, वाकट मासळीचं. म्हणाली, त्याचं काय भांडण आपल्याशी, तो पोटाला आलाय.

आता माझं लग्न. ते शिमग्याच्या आधीच ठरलं होतं, कोपरच्या घरात. वय तेव्हा आज या लिहिणाऱ्या पोरीएवढंच. सासरे मचव्याचे मालक, खाडीत त्यांचा आवाज या काठाहून त्या काठाला जायचा. कोपरनं मीठ उचललं नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला, आम्ही तुमच्या आणेत नाही. देवाचा घोट ताडीचाच पडला पाहिजे, नाहीतर वरात उलटी फिरेल. आणि वरात उलटी फिरलेली पोर म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही बाय. तिला पुन्हा कोणी विचारत नसे. इकडे आयशीनं आण मोडली असती तर तिला पुन्हा कोणी मांडवात बसवलं नसतं. मी दोन्हीकडून भरडले जात होते. आयशीला विचारलं, “तू त्या ओलीला काय गाशील?” ती कोंडी ओढत होती, मान वर न करता म्हणाली, “तवाचं तवा.”

हळदीच्या दिवशीच बापसाला आणि गावच्या चार कर्त्या माणसांना ठाण्याला कचेरीत नेलं. लोकांना धमकावून दुकान बंद पाडलं, असा आळ. आयशीनं हळदीची वाटी उचलली, माझा हात धरला, आणि सगळ्या बायकांना म्हणाली, “चला. बापसाबिगर पोरीला हलद कशी लागंल?”

आम्ही होड्यांतून खाडी ओलांडली आणि कचेरीसमोर चिंचेच्या सावलीत बसलो. तिथंच चौक घातला तांदळाच्या पिठाचा. तिथंच मला पाटावर बसवलं. आणि आयशीनं धवला लावला. काय तो आवाज! वकील बाहेर आले, पक्षकार बाहेर आले, टांग्याचे घोडे कान टवकारून उभे. शिपाई धावत आला, “ए, गप बसा!”

“लगीन हाय दादा,” आयस म्हणाली. “लग्नात गप बसतान काय? तुज्या लग्नात बसलेलास?”

गाऊ नये असा कायदा कोणालाच आठवेना. ऊन चढलं, हळद माझ्या गालावर वाळून तडकली, घसे बसले, एक थांबली की दुसरी उचलायची. आत काय चाललं होतं ते बापसानं पुढं आयुष्यभर सांगितलं, दर वेळी थोडं वाढवून. साहेबानं कारकुनाकरवी विचारलं, “या सगळ्यांचा पुढारी कोण?”

बापूस म्हणाला, “मीठ.”

दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मीठ.” तिसरा तेच. मुद्दाम नव्हे हो, आमच्यात असंच बोलतात, मिठानं बांधलंय म्हणून. पण कारकून पुण्याकडचा, त्यानं टाक उचलून विचारलं, “हा मीठ राहतो कुठं?”

“आगरात,” बापूस म्हणाला.

“त्याला हजर करा.”

“आना की. तुमच्याच गोदामात बसलाय.”

साहेबाला मराठी थोडी कळत असावी, कारण तो म्हणे हसला. हसला की चिडला देव जाणे, बाहेर आमचं गाणं त्याच्या डोक्यात घण घालत होतं. उन्हं कलायच्या आत माणसं सोडली. बापूस बाहेर आला, माझ्या गालाला वाळलेली हळद बघितली, आणि तो रडला. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. मग त्यानंही वाटीत बोटं बुडवली.

लग्नाचा दिवस. मांडवाला उंबराची डहाळी, तिच्या मुळाशी आणेचा तांब्या झाकून ठेवलेला. कोपरची वरात मचव्यातून उतरली, ढोल वाजत. बाशिंगाच्या झालरीतून मला नवरा दिसत नव्हता, नुसते त्याचे पाय दिसत होते, हळदीनं पिवळे, आणि एका अंगठ्याला चिखल. आयशीनं धवला लावला आणि ओळीमागून ओळ पुढं जायला लागली.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी खळबळ. ठेकेदाराचा शिपाई, डोक्याला नवा पटका, मागं कावडी. कावडींत मडकी, तोंडाशी फेस आलेला. वास मांडवभर पसरला, आणि तो बापसाचाच वास होता.

“शेठनी आहेर पाठवलाय नवरीला,” शिपाई म्हणाला. “फुकट. सगल्या गावाला पुरंल.”

दारात आलेला आहेर परत लावू नये. हे तर लहान पोरालाही माहीत, आणि ठेकेदारालाही माहीत, म्हणून तर त्यानं पाठवला. वऱ्हाडातली माणसं उन्हातून आलेली, ओठ चाटायला लागली. आमचीही माणसं मडक्यांकडे बघेनात, बघितलं की नजर सुटायची नाही म्हणून. आणि आयस नेमकी त्या ओळीला आली होती.

*पयला घोट गो धरतरीला…*

आणि थांबली. जन्मात कधी न थांबलेली माझी आयस थांबली. ताडी म्हटलं तर ती ओतावी लागणार, कारण गाण्यात आलं ते करायचं. नाही म्हटलं तर घोट राहिला, लग्न राहिलं. ढोलवाल्याचा हात वर तसाच.

सासरे गरजले, “अरलीस का गो? ताडी आयलेली हाय दारात. गा!”

नवरीनं स्वतःच्या धवल्यात तोंड उघडायचं नसतं. खाली मान, ओठ मिटलेले, तसंच शिकवलेलं. पण मी आयशीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि माझ्या आयशीला कोणी मांडवात रडवावं याचा मला असा संताप आला, असा संताप, की माझ्या तोंडून आपोआप निघालं:

*खारं पानी, खारं पानी.*

माझा आवाज आयशीसारखा नाही, फुटका आहे. तो सगळ्या मांडवानं ऐकला. मी उठले, उंबराच्या मुळाशी गेले, तांब्यावरचं फडकं काढलं आणि पहिला घोट मातीवर ओतला. गाण्यात आलं होतं ना!

आयशीनं पुढची ओळ उचलली, इतक्या जोरात की माझे कान वाजले.

*दुसरा घोट गो वारवडिलांला,*

आणि मागच्या साऱ्या बायांनी, आपोआप, “खारं पानी, खारं पानी!”

सासरे उठले. “उठा रं,” म्हणाले. वऱ्हाड उठलं. झालं, वाटलं, आता आयुष्यभर बापसाच्या दारात. पिवळे पाय मात्र हलले नाहीत. बापसानं हात जोडले नाहीत, नुसता उभा राहिला. सासरे मांडवाच्या तोंडाशी गेले, मडक्यात वाकून वास घेतला, आणि शिपायाला विचारलं, “बेस हाय. कनच्या झाराची?”

शिपाई फुशारला. “हितलीच. तुमच्या व्याह्याच्याच बांधावरची, सकालीच उतरवलेली.”

“व्याह्याच्या बांधावरची?” सासऱ्यांचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की जास्त भीती वाटायची. “म्हंजी गाय माज्या व्याह्याची. दूध कारलंस तू. आन आता तेच त्याच्या पोरीला आहेर?”

“दारात आयलेला आहेर परत लावत नाय…”

“आहेर आपल्या घरचा करतान. ने ह्ये.”

कावडी उचलल्या गेल्या. मडकी हिंदकळली, थोडा फेस मातीवर सांडला, आणि वऱ्हाडातला एक म्हातारा कळवळून “आई गं” म्हणाला, जणू त्याच्या पायावरच सांडला. सासरे परत येऊन बसले, माझ्या हातातला तांब्या घेतला, घोट घेतला, आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मी बाशिंगातून हसले.

“थू! व्याह्या, कोंबरीला तरी बरं पानी देतंस का?” मग माझ्याकडे वळले. “आन हिच्या तोंडाला कुलूप लावाला पायजे.”

कधी लावलं नाही. उलट पुढं कोपरमध्ये कुठं तंटा झाला की म्हणायचे, “आमच्या सुनंला बोलवा, ती भर मांडवात बोललीय.” पाऊस सुरू व्हायच्या आधी कोपरनंही मीठ उचललं. पहिला खडा सासऱ्यांनी टाकला, तोंड वाकडं करूनच.

नात विचारतेय, “मग मिळालं काय, आजी?” हल्ली पोरं टोप्या घालून दारूच्या दुकानापुढं उभी राहतात, तुरुंगात जातात, त्यांची नावं छापून येतात. तिला वाटतं आमचंही काहीतरी छापलं असेल. नाही बाई. काही महिने दुकान ओस पडलं, मग भाव उतरला, मग एकेक करून माणसं परत बाकावर दिसायला लागली. बापूसही दिसला. आकडे काही पुसले गेले नाहीत, आणि मीठही सरकारचंच राहिलं. हरलो म्हणायचं असेल तर म्हण. पण त्या वर्षी राणीच्या माणसांना आमच्याकडं हात पसरून यावं लागलं, फुकट घ्या म्हणत, आणि आम्ही नाही म्हटलं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि एक केलं. बाकावर बसायचे ते बसायचे, पण देवाच्या घोटाला त्या दुकानाची ताडी आमच्या गावानं पुन्हा कधी लावली नाही. आयस प्रत्येक लग्नात खारं पानीच गायली.

बापूस गेला तेव्हा मी माहेरीच होते. आयशीनं आधी मिठाचं पाणी धरतरीला ओतलं. मग पदराखालून लहानसं मडकं काढलं. कोणीतरी रातोरात आपल्या झाडावर चढलं होतं, कोण ते तिनं कधी सांगितलं नाही. ताडीचे दोन थेंब तिनं बापसाच्या ओठांवर सोडले. “लय तहानेला होता,” म्हणाली. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवलं, आणि दुकानाच्या पाणचट ताडीनं कधी न आलेला त्याचा तो वास कितीतरी वर्षांनी त्याच्या अंगाला आला होता.

हे सगळं काल मांडवात असं नीट नाही सांगितलं मी. धाप लागत होती, मध्येच खोकला, मध्येच रडू. पण सांगितलं. हसणारे भाचे जवळ सरकून बसले. ‘चुकीचंच गातान’ म्हणणारी बाई पदर तोंडाला लावून बसली. तिची आजी त्या दिवशी मांडवात माझ्या मागं बसून गायली होती, तिला कुठलं ठाऊक. नवरी मान खाली घालायची विसरून माझ्याकडे टक लावून बघत होती.

दिव्याच्या धवलारणीनं पाट माझ्याकडे वळवला. म्हणाली, “मावशे, मना कोनी सांगलं नवतं गो.”

“आता सांगलं,” मी म्हटलं. “गा.”

तिनं घसा खाकरला. घोटाच्या तांब्यासाठी हात पुढं केला. भाचसुनेनं लगबगीनं पाण्यानं भरलेला तांब्या आणून दिला. धवलारणीनं त्यात डोकावून बघितलं, बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तांब्या परत केला.

“ह्यात मीठ कुटं हाय?” ती म्हणाली. “मीठ घाल. मंग गाते.”